नोव्हायमधली वेगळी चूल

मी देश सोडला त्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती मलाच ऐकवत नाही. मंडळाच्या पिकनिकला कुणी नवीन माणूस भेटला की वर्षा, म्हणजे माझी बायको, लांबूनच ओळखते. म्हणते, "झाला सुरू. आता सूटकेसची चेन तुटेपर्यंत थांबत नाही हा." म्हणून आज ती गोष्ट नाही. आज आईच्या निघण्याची सांगतो. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आई चोपड्याहून निघाली गेल्या फेब्रुवारीत, सत्त्याहत्तराव्या वर्षी. टॅक्सी दारात उभी होती, मी बॅगा ठेवत होतो आणि ही आत ओटा पुसत होती. पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. सिलिंडरचा कॉक बंद केला, दोनदा पाहिला, आणि शेजारच्या शकूमावशीला बोलावून तिसऱ्यांदा तिच्याकडून पाहून घेतला. मग किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाली, "महिन्यातून एकदा येऊन चहा करून पीत जा गं इथे. शेगडी अगदीच थंड पडू देऊ नको." आई रडली नाही. शकूमावशी रडली. मीही थोडा रडलो, पण डिकीत डोकं घालून, त्यामुळे ते धरता येणार नाही. धुळं आलं तशी आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. नाही करमलं तर जाईन मी."

"बरं, बघू," मी म्हणालो. मनात म्हणालो, जातेस कुठे आता.

कारण त्याआधीच्या श्रावणात ती न्हाणीत पाय घसरून पडली होती. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. संध्याकाळी पडली आणि शकूमावशी रात्री दूध द्यायला आली तेव्हा सापडली. मध्ये चार तास. त्या चार तासांत मी इथे, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये, सकाळची आंघोळ केली, ऑफिसला गेलो, कॉफी घेतली आणि मीटिंगमध्ये एक विनोदही केला. विनोद मला अजून आठवतो, हा त्यातला सर्वांत वाईट भाग. हाड मोडलं नाही, पण मी ठरवून टाकलं की ही यापुढे एकटी राहणार नाही. दिवाळीपर्यंत तिला इथे रमवायचं, एवढंच काम होतं. बावीस वर्षं मोटारींच्या कंपन्यांत काढलेल्या इंजिनियरला डेडलाइन दिली की तो काय करतो? एक्सेल शीट उघडतो.

माझं काम सांगायला हवं. गाडीच्या दरवाजाच्या कडेला जे काळं रबर असतं ना, ते मी डिझाइन करतो. बाहेरचा वारा, पाणी, आवाज, वास आत येऊ नये, यासाठी मला पगार मिळतो. आमची घरंही इथे तशीच बांधतात, गच्च. त्या गच्च घरात आईने मार्च महिन्यात खानदेशी भरिताचं वांगं गॅसच्या जाळावर ठेवलं. दोन मिनिटांत छतावरचा अलार्म वाजला आणि त्यातून एक बाई इंग्रजीत "फायर! फायर!" असं ओरडायला लागली. आई घाबरून म्हणाली, "अगं बाई, ही कोण? कुठे बसलीय ही?" माझी मुलगी ईशा, वय सोळा, खुर्चीवर चढून टॉवेल फडकवत होती आणि हसून हसून पडायच्या बेतात होती. वर्षा हसली नाही. स्वयंपाकघराला लागूनच आमचं कोटांचं कपाट आहे, सगळा वास कोटांत बसतो. वर्षा हॉस्पिटलच्या आयटीमध्ये आहे, आणि तिथे लिफ्टमध्ये कुणीतरी नाक मुरडून "समवन्स हॅविंग करी?" असं म्हणालं होतं. आईला ती काही बोलली नाही. मला म्हणाली, "काहीतरी कर नं." मी म्हणालो, करतो. 'करतो काहीतरी' हे माझं घरातलं पद आहे, त्याला बढती नाही.

एप्रिलमध्ये ईशाने एक व्हिडिओ दाखवला. मातीची घुमटासारखी भट्टी, आत लाकडं पेटलेली, दीड मिनिटात पिझ्झा तयार. "डॅड, वी कॅन टोटली बिल्ड धिस." आमच्या मागच्या अंगणात फूटभर खणलं की निव्वळ चिकणमाती लागते, तिच्यामुळे वर्षाचे टोमॅटो दर वर्षी मरतात. माती फुकट, हौस घरची. ईशाला पिझ्झा हवा होता, वर्षाला वास बाहेर हवा होता आणि मला आई हवी होती. तिघांची तीन कारणं, पण प्रोजेक्ट एक, म्हणून सगळे खूश.

आणि मला आजीची चूल आठवली. चोपड्याला आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे परसात, पत्र्याखाली, आजीची स्वतःची चूल होती. मी शाळेतून आलो की आधी मागे जायचो. आजी एकटीपुरती एकच भाकरी थापायची आणि तिचा पापुद्रा सोडवून तेल-तिखट लावून मला द्यायची. मग घरात येऊन आईच्या हातचं जेवायचं ते वेगळंच. आमच्या घरी दोन चुली होत्या, म्हणजे आम्ही बऱ्यापैकी श्रीमंत, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

तेव्हा एका रविवारी जेवताना मी मोठ्या झोकात जाहीर केलं, "आई, तुला मागे अंगणात चूल मांडून देतो. आजीची होती ना, अगदी तशी, वेगळी. तुलाही मोकळं होईल."

आईचा हात आमटीच्या वाटीशी थांबला. मग ती म्हणाली, "बरं."

आता 'बरं' या शब्दाचे मराठीत किती अर्थ आहेत ते मला ठाऊक असायला हवं होतं. पण बावीस वर्षांत माझा 'बरं' म्हणजे 'ओके' झालाय. मी ओके ऐकलं आणि पुढची पोळी घेतली.

मे महिन्यात काम सुरू झालं. मी माती आणि वाळूच्या प्रमाणाचं शीट केलं, त्यात तीन रंग दिले. आईने ते पाहिलं नाही. ताडपत्रीवर माती ओतली, साडी खोचली, आणि "चप्पल काढा सगळ्यांनी" म्हणाली. आम्ही तिघं त्या गार चिखलात गोल गोल नाचत होतो आणि ही काठी टेकून उभी. "दिलीप, टाचेने तुडव. चवड्यावर काय चालतोस, माती झोपलीय का?" वाळू किती घालू विचारलं तर म्हणाली, "पायाला विचार." मी शीटला विचारलं. शेणाचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा मी बागेच्या दुकानातून गाईच्या खताची पोती आणली, वर हसऱ्या गाईचं चित्र. आईने मूठभर घेऊन नाकाशी नेलं. "याला वासच नाही रे. ही गाय खाते तरी काय?" ईशा म्हणाली, "आजी, इट्स ऑरगॅनिक." आई म्हणाली, "असेल. पण मेलेलं आहे."

ओल्या वाळूचा ढीग रचून त्यावर भिजलेले कागद लावायचे, वरून मातीचे गोळे थापत घुमट चढवायचा, माती आवळली की तोंड कापून आतली वाळू उपसायची, अशी ती पद्धत. सहा शनिवार-रविवार गेले. भट्टीच्या शेजारी आईने तिची चूल स्वतःच्या हाताने मांडली. मी म्हणालो, मोठी कर, आपण सगळ्यांचं करू. ती म्हणाली, "कशाला? एका माणसापुरती पुरे." मला वाटलं, किती साधी आहे माझी आई.

अशा खुणा पुष्कळ होत्या. तिने वर्षाकडून एक तवा, एक पातेलं, एक परात आणि पिठाला एक डबा मागून घेतला आणि धुऊन, पुसून स्वतःच्या खोलीत कॉटखाली ठेवला. मला एकदा विचारलं, "बर्फ पडतो तेव्हा हे मागचं दार उघडतं का रे? मी कुणाला उठवणार नाही, माझं मी करीन." आतल्या गॅसला तिने जूनपासून हात लावणं सोडलं. मी मंडळातल्या मित्राला अभिमानाने फोन केला की यार, आई रमली. वर्षाने एकदा म्हटलं, "आई हल्ली बोलून नाही राहिल्या फारशा." मी म्हटलं, कामात आहे गं. माणूस कामात असला की बोलत नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं देव जाणे. आमच्या ऑफिसात तर काम नसलेलाच माणूस बोलत नाही.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी शकूमावशीचा फोन आला. आईला नाही, मला. आधी हवापाणी झालं. मग म्हणाली,

"दिलीप, एक विचारू? राग नको मानू, भाऊ. आईला वेगळं काढलंस म्हणे?"

"काय?"

"अरे, तिने तक्रार नाही केली हो. उलट कौतुकच करत होती. म्हणे, अंगण मोठं आहे, माती चांगली आहे, पोरगा स्वतः चिखल तुडवतोय. पण मी म्हटलं, एवढ्या मोठ्या घरात एक म्हातारी मावत नाही? अमेरिकेतसुद्धा वेगळं काढतात का रे? मला वाटायचं, तिथे आधीच सगळे वेगळे असतात."

मी फोन ठेवला आणि मागे गेलो. आई चुलीच्या तोंडावरून ओला हात फिरवत बसली होती. मी तिच्यासमोर गवतावर बसलो. विजार भिजली.

"आई, हे तुला वेगळं काढायला नाही बांधलं."

तिचा हात थांबला नाही. "मग कुणासाठी बांधलंय?"

"सगळ्यांसाठी. ईशाचा पिझ्झा होईल, तुझं भरीत होईल..."

"आजीसारखी म्हणालास तू. वेगळी म्हणालास. मोकळं होईल म्हणालास."

"अगं, पण मला आजीची चूल आवडायची म्हणून..."

"तुला आवडणारच. तू जेवायला जायचास तिथे." मग तिने हात ओच्याला पुसला. "दिलीप, मी चिडलेली नाही. हेच मी तुझ्या आजीला म्हणाले होते. याच शब्दांत. तुम्हालाही मोकळं होईल म्हणून."

आणि तिने सांगितलं. आजी मशेरी लावायची. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, आणि तो वास दोन खोल्यांत कोंडून राहायचा. आईचं डोकं उठायचं. माझ्या वेळेला दिवस गेलेले असताना तर ओकाऱ्या व्हायच्या. तेव्हा सहन केलं. पुढे मी पाच वर्षांचा झाल्यावर एक दिवस तिने अण्णांना सांगितलं, मागे एक चूल मांडून द्या, फक्त मशेरीपुरती. अण्णांनी मांडून दिली. आजी 'बरं' म्हणाली. मग ती तिथेच चहा करायला लागली. मग भाकरी. मग पातेलं मागून घेतलं.

"मी आत या म्हटलं नाही, त्या आल्या नाहीत. सहा वर्षं. शेवटच्या आजारपणात आत आणलं, तोवर." आई भट्टीकडे बघत होती. "कुणी भांडलं नाही रे. भांडण असतं तर मिटलं असतं."

मग ती जे म्हणाली त्याचा मला अजून निचरा करता आलेला नाही. म्हणाली, "माझी पाळी आली असं वाटलं. त्या काही बोलल्या नव्हत्या, मीही बोलणार नव्हते. शकूला बोलले ते चुकलंच."

मी सांगणार होतो की हा निव्वळ गैरसमज आहे, एका शब्दाचा घोळ आहे. तोंड उघडलं आणि कोटांचं कपाट आठवलं. गैरसमज कुठे होता? आम्हाला तिच्या स्वयंपाकाचा वास घराबाहेर हवा होता. मी चुकून खरं बोललो होतो, आणि ते फक्त तिला कळलं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी गराजमधून फावडं घेऊन आलो. "मोडून टाकतो," म्हणून पहिला घाव घालायला हात उचलला तेवढ्यात वर्षा आणि ईशा धावत बाहेर आल्या.

"काय करून राहिला तू? वेड लागलं का?"

मी उचललेल्या फावड्यानिशीच सगळं सांगितलं. ईशा म्हणाली, "वेट. आजी थॉट वी वर किकिंग हर आउट? ओव्हर अ पिझ्झा अव्हन?" कुणी हसलं नाही. आईला तेवढं इंग्रजी कळतं.

वर्षा आईसमोर खाली बसली. "आई, खरं सांगते. वास नको होता मला. कोटाला येत होता, ऑफिसात लाज वाटत होती. ते मी तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं, याच्याशी बोलले. पण तुम्ही नको, असं मनातही नव्हतं हो."

"माझ्याही मनात नव्हतं गं," आई म्हणाली. "तरी सहा वर्षं गेली." मग माझ्याकडे वळून, "आणि तू ते फावडं खाली ठेव. मी मांडलीय ती चूल. तुझा हात लावायचा नाही."

तर भट्टी राहिली. ऑगस्टमध्ये पेटवली. शीटप्रमाणे घातलेली वाळू कमी पडली होती, घुमटाला बोटभर भेगा गेल्या. आईने त्या मुकाट्याने लिंपल्या आणि पायाचं नाव काढलं नाही, हा तिचा मोठेपणा. पिझ्झा एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कणीक. भरीत मात्र असं झालं की आम्ही तिघं उभ्याउभ्या परातीतूनच खात होतो. वर्षाने कॉटखालची भांडी आणून आतल्या मांडणीत लावली. मी म्हटलं, चला, मिटलं.

मिटलं नव्हतं. आई आत स्वयंपाक करायला लागली, पण जेवायची वेळ झाली की खोलीत जाऊन बसायची. बोलावल्याशिवाय टेबलाशी येईना. माझ्या आजीला सहा वर्षांत आम्ही कधी आत जेवायला हाक मारली नव्हती, म्हणून आम्ही चढाओढीने हाका मारायला लागलो. एकदा ईशा, एकदा वर्षा, एकदा मी. "आई, चल." "आलेच." यायची नाही. "आई, निवतंय गं." "घ्या तुम्ही, आले." तिसऱ्या हाकेला यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि आधी विचारायची, "सगळ्यांना झालंय ना?" मला हळूहळू उमगलं की तिसरी हाक आपण पाहुण्याला मारतो. घरच्या माणसाला कोण बोलावतं? आम्ही जेवढ्या प्रेमाने हाका मारत होतो तेवढी ती पाहुणी होत होती. आणि हाका थांबवायची तर हिंमत नव्हती.

दिवाळी आली. मी लाडू खाताना तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "आता बर्फ एकदा बघून घेते. मार्चचं तिकीट काढ." मी काढलं. चोपड्याच्या न्हाणीत नवीन फरशी बसवून घेतली, आधाराला दांड्या लावून घेतल्या, आणि हे सगळं फोनवरून करताना रोज स्वतःला शिव्या दिल्या. तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटत असेल की हा आईला अडवत का नाही. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हाला ठाऊक आहे की अडवायला आधी तो माणूस आपल्या घरात असावा लागतो.

गेल्या रविवारी सकाळपासून बर्फ पडला. दुपारपर्यंत ड्राइव्हवेवर गुडघाभर. आम्ही तिघं बाहेर उपसत होतो, कानटोप्या, हातमोजे, नाकं लाल. शेजारीपाजारीही उपसत होते; बर्फात सगळं असं शांत असतं की पलीकडच्या घरचं खोकणं ऐकू येतं. तेवढ्यात आमचं पुढचं दार सताड उघडलं आणि आई स्वेटरवर माझं जुनं जॅकेट चढवून उंबऱ्यात आली.

"दिल्या! वर्षा! पानं घेतलीत, चला. किती वेळ ते उकरताय? जेवण काय तिथेच आणून देऊ?"

आमच्या अख्ख्या वसाहतीला ऐकू गेलं. समोरच्या गृहस्थाने फावडं थांबवून पाहिलं. त्या दारात उभं राहून आजवर तिने कुणाला हाक मारली नव्हती. ईशा ओरडली, "कमिंग, आजी!" आणि पळाली, तिच्यामागे वर्षा. आतून फोडणीचा धूर दारावाटे सरळ बाहेर येत होता. मी सगळ्यांत शेवटी पोचलो आणि पाय आत टाकला.

"बूट! बूट काढ आधी. धर्मशाळा आहे का ही? आत्ता पुसलंय मी."

मी पाय मागे घेतला.

सोमवारी ती पुन्हा खोलीत बसून राहिली आणि ईशाला तीनदा जावं लागलं, हेही सांगायला हवं. मार्चचं तिकीट तसंच आहे. कॅन्सल कर असं ती म्हणालेली नाही, मी विचारलेलं नाही. पण ते घर कुणाचं, एवढं त्या रविवारी दुपारी मला पक्कं माहीत होतं. मी पायरीवर एका पायावर उभा राहून बुटाची गोठलेली नाडी सोडवत होतो, आणि ती दार धरून, कपाळाला आठ्या घालून, मला आत घ्यायचं की नाही ते बघत होती.